राखून ठेवलेली जागा

समुद्रापलीकडच्या ऑटिझम केंद्राच्या त्या पत्राला उत्तर द्यायचे आठ महिने राहून गेले होते. पत्र खिडकीजवळच्या कपाटात, दीपगृहांवरच्या जाड पुस्तकात दडवलेले होते. ते पुस्तक घरात दुसरे कोणी उघडत नसे. निदान थोरल्या अर्गिरिसांचा तसा समज होता.

थोरले म्हणायचे, कारण घरात धाकटाही होता. त्या ग्रीक बेटावरच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या नातवाला आजोबांचेच नाव मिळाले होते. आडनाव तर एकच. मुलगा जहाजावर गेला तो तिकडचाच झाला. मागे राहिली सून इस्मिनी आणि हा नातू, ऑटिझम असलेला, आता चोवीस वर्षांचा.

पत्रातल्या पहिल्या तीन ओळी थोरल्यांना पाठ होत्या. 'आमच्या नव्या गटात श्री. अर्गिरिस सेव्दालिस यांच्यासाठी एक जागा राखून ठेवली आहे. सुरुवात आठवड्यातून एका दुपारी. संमती त्यांनी स्वतःच्या सहीनिशी कळवावी.' चाळीस वर्षे नगर वाचनालयात काढलेला, तळटीपसुद्धा न सोडणारा हा माणूस. पण त्या तीन ओळींच्या खाली त्यांची नजर उतरलीच नाही.

म्हणे एक दुपार! मावशीचा याकुमिस इस्पितळात गेला तोही पंधरा दिवसांसाठीच. तोंडाने गुणगुणत, बोटे नाचवत धक्क्यावरून चालत गेला, बोटीत बसला आणि पुन्हा दिसला नाही. थोरले तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यानंतर आई त्यांना रोज बजावायची, "माणसांच्या डोळ्यांत बघून बोलत जा. नाहीतर बोट तुलाही न्यायला येईल."

'हो' लिहावे, तर नातू बोटीत बसणार. 'नाही' लिहावे, तर त्याची वाट आपणच अडवणार. पत्र पुस्तकात पडून राहिले.

घरही तसेच जागच्या जागी थांबलेले. टिकटिकणारे घड्याळ खपत नसे. शर्टांच्या कॉलरमागची लेबले कापावी लागत. रविवारी चणे, सोमवारी मासा. ताटात ऑलिव्ह चीजला लागता कामा नये. खुर्ची वीतभर सरकली तरी दिवस बिघडे. इस्मिनी सकाळी औषधांच्या दुकानात उभी राही आणि उरलेला दिवस हे सगळे सांभाळत बसे.

पत्र येण्याआधी केंद्रातली दॉम्नाबाई तीनदा घरी येऊन गेली होती. धाकट्याची तिच्याशी गट्टी जमली. बोटींचे सगळे वेळापत्रक त्याने तिला म्हणून दाखवले. थोरले कपाटाकडे तोंड करून बसले. मुळातच लाजाळू माणूस. तिसऱ्या खेपेला तिने त्यांनाही विचारले, लहानपणी लोकर टोचायची का, जत्रेत कान झाकून घ्यावेसे वाटायचे का. नातवाच्या रक्तात कुठून काय आले ते बघत असेल, असे समजून त्यांनी उत्तरे दिली. दोन तास. जन्मात कुणाशी इतके बोलले नव्हते.

गुरुवारी इस्मिनीला बहिणीचा फोन आला. भाचीचे बारसे होते, पिरेयसला.

"नाही गं, कुठली येते," इस्मिनी म्हणाली. "इथे दोन अर्गिरिस आहेत. टपालवाल्यानं दार वाजवलं तर एक बाथरूममध्ये लपतो, दुसरा त्याला बोटींच्या वेळा सांगत बसतो. चार वर्षं झाली, बेट सोडलेलं नाही मी." ती हसली. मग आत जाऊन तिने नळ सोडला आणि बराच वेळ बंद केला नाही.

पाण्याच्या आवाजामागचे रडणे थोरल्यांनी ऐकले. ते कान झाकून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उत्तर लिहिले. 'जागा मान्य आहे.' सहीची जागा मोकळी ठेवली. पत्र, उत्तर, पाकीट आणि पेन खिशात घालून ते नातवाला घेऊन धक्क्यावर गेले. टपालाची पिवळी पेटी तिथेच होती. पलीकडे बोट लागलेली. त्यांना तिच्याकडे बघवेना.

"अकरा मिनिटं उशीर," धाकटा म्हणाला.

"अरे, एक काम आहे." थोरल्यांनी त्याच्या बुटांकडे बघत दोन्ही कागद पुढे केले. "केंद्राला उत्तर धाडायचंय. तुझी सही लागेल."

धाकट्याने मूळ पत्र ओळखले. "हे दीपगृहांच्या पुस्तकात होतं. पान दोनशे बारा."

"तुला ठाऊक होतं?"

"पुस्तक फुगलं होतं. मी वाचलं. पूर्ण वाचलं."

"मग आठ महिने बोलला का नाहीस रे?"

"दुसऱ्याच्या पत्राविषयी बोलायचं नसतं. तुम्हीच शिकवलंय."

थोरल्यांना धड ऐकूही आले नाही. बोटीचा भोंगा वाजला होता आणि दोघांचेही हात एकदमच कानांवर गेले होते. भोंगा थांबल्यावर त्यांनी पेन पुन्हा पुढे केले. "कर बाबा सही. एकच दुपार आहे. मी इथे धक्क्यावर थांबेन, तू येईपर्यंत."

"मी सही केली तर ती खोटी होईल."

"म्हणजे जायचं नाही तुला?" त्यांचा जीव भांड्यात पडला आणि तेवढ्याच झटक्यात लाजही वाटली.

"मला कोणी विचारलेलंच नाही, आजोबा."

धाकट्याने पत्राच्या चौथ्या ओळीवर बोट ठेवले. मग वळून, गुडघ्यांवर हात टेकून, तो मेजासारखा वाकला. आईलाही कधी पाठीला हात लावू न देणारा तो पोरगा. थोरल्यांनी ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. मग नातवाच्या पाठीवर कागद ठेवून, मोकळ्या जागेत, स्वतःची सही केली आणि पाकीट पिवळ्या पेटीत टाकले.

'जन्म : ११ मार्च १९४९.'