'हो'वर ठसठशीत खूण

राज्याने लहान गावांतली प्रसूतिगृहं बंद करणारा कायदा केला, तेव्हा ओरेगॉनच्या डोंगरात राहणाऱ्या आर्डिथने उन्हाळाभर किराणा दुकानाबाहेर उभं राहून त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या. आता तो कायदा ठेवायचा की नाही, हे राज्यभरातले मतदार ठरवणार होते. तिच्या लेकीला, जनेलला, सातवा महिना होता आणि दुसरं हॉस्पिटल घाटापलीकडे होतं. "'नाही'वर खूण करा, तरच आपलं प्रसूतिगृह वाचेल," हे दारोदार सांगून तिचा घसा बसला होता. एका दुपारी तिचा नवरा व्हर्लिन ग्रंथालयासमोरच्या मतपेटीवरून खुशीत परतला. "टाकलं बरं का मत! आयुष्यात पहिल्यांदा, तुझ्यासाठी! 'हो'वर ठसठशीत खूण केली." "'हो'वर?" "मग? प्रसूतिगृह हवंय ना आपल्याला?" "अरे देवा! 'हो' म्हणजे कायदा हवा! इतके महिने या घरात मी भिंतीशी बोलत होते का?" "मग सरळ विचारायला काय होतं त्यांना?" तो चाचरला. "परत मागून आणू?" "परत मिळत नाही!" तिने टपालाने घरी आलेली स्वतःची मतपत्रिका उचलली आणि आपल्या 'नाही'ने निदान त्याचा 'हो' तरी फिटावा म्हणून तडक निघाली. मतदारांनी कायदा फेटाळला. जानेवारीत, बर्फाने घाट बंद असताना, जनेल गावातच बाळंत झाली. नातीला हातात घेऊन व्हर्लिन नर्सला म्हणाला, "आम्ही दोघांनी मतं दिली, म्हणून वाचलं हो हे प्रसूतिगृह." आर्डिथने तोंड उघडलं. मग त्याचे भरून आलेले डोळे पाहून ती एवढंच म्हणाली, "मान नीट धर तिची."