तिसऱ्या गिअरची घरघर

आनंदकाकांच्या जुन्या फोर-व्हील जीपला मी दुसरा गिअरबॉक्स बसवला. आठवड्यात काका-काकू आंबिवलीला माझ्या गॅरेजवर हजर. "सुशांत, तिसऱ्या गिअरला घरघरतोय रे."

मी एकट्याने मोहन्यापर्यंत चालवून बघितली. आवाज नाही. ऑइल बघितलं, क्लच बघितला, सगळे बोल्ट पुन्हा आवळले. ते गाडी घेऊन गेले आणि तासाभरात काकांचा फोन, "पुन्हा घरघर."

शेवटी मीच मागच्या सीटवर बसलो. काकांनी तिसरा टाकला. शेजारी बसलेल्या सरोजकाकूंनी भाचीच्या लग्नाचं सांगता सांगता गिअरचा दांडा धरला आणि घट्ट दाबून ठेवला. घरघर सुरू.

"काकू, हात काढा बरं."

काढला. आवाज बंद.

"अरे, पण धरला नाही तर तिसरा सटकतो," काकू म्हणाल्या. "बावीस वर्षं मीच धरतेय."

"हा नाही सटकत. आता धरायची गरज नाही."

काकूंनी हात मांडीवर ठेवला. भाचीचं लग्न अर्धवटच राहिलं.

गॅरेज आल्यावर काकांनी गाडी बंद केली, पण उतरले नाहीत.

"सुशांत, जुना गिअरबॉक्स भंगारात दिलास का रे?"