सुटं बटण

दुबईतल्या खेळणी तपासायच्या लॅबमध्ये रामेश्वर दिवसभर बाहुल्यांचे डोळे, बटणं ओढून बघायचा. हातात आलं की बाहुली फेल. पोरांच्या घशात अडकतं. आईबरोबर व्हिजिट व्हिसावर आलेल्या त्याच्या लेकीनं, मुक्तानंही घरात तोच खेळ मांडला होता. दिसेल ते ओढायचं आणि ओरडायचं, "पास!"

आज मायलेकी गावी परत निघाल्या. एअरपोर्टवर रुपालीनं तिला नवऱ्याच्या कडेवरून घेतलं, तसं मुक्तानं त्याच्या शर्टाचं बटण गच्च धरलं. ते तिच्या मुठीतच आलं.

"बाबा फेल!"

"अहो, काढून घ्या ते. तोंडात घालेल," रुपाली म्हणाली.

रामेश्वरनं लेकीची मूठ उघडली, बटण पाहिलं आणि मूठ हळूच पुन्हा मिटली.

"राहू दे गं. एवढं एक पास कर."