पूनमसिंगनं मानलं

“फिरून राह्यली रे मुख्तार,” बाकड्यावर टेकत पूनमसिंग म्हणाला. “हे जमीन. मले समजून राह्यली.”

मुख्तारने हातातली मोटरसायकलची चेन खाली ठेवली. त्याला खरंच वाटेना. आर्णीतल्या त्याच्या गॅरेजात अकरा वर्षं हा एकच वाद चालला होता. पूनमसिंग एसटीवर ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर तांड्यावर शेती बघू लागला आणि दुपारी न चुकता गॅरेजात येऊन बसू लागला. त्याचं म्हणणं साधं होतं. तीस वर्षं स्टिअरिंग धरलं. गाडी सूतभर सरकली तरी बुडाला समजायचं. मग ही पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटर पळते म्हणता, ती समजत कशी नाही? समजत नाही म्हणजे पळतच नाही.

मुख्तार बारावीपर्यंत सायन्स शिकलेला. तो इरेला पेटायचा. “वेग एकसारखा असला का समजत नाही, बाप्पा. ब्रेक लागला, धक्का बसला, तरच समजते. चांगला रस्ता असला का तुह्या गाडीत लोकं झोपत नव्हते काय?”

“चांगला रस्ता?” पूनमसिंग म्हणायचा. “आपल्या जिल्ह्यात? मले तर नाही दिसला.”

सगळे हसायचे आणि वाद उद्यावर जायचा. जो हरेल त्याने चार लोकांसमोर तसं बोलून दाखवायचं, एवढं ठरलेलं होतं. गेले दोन दिवस मात्र पूनमसिंग आला नव्हता. कपाशीत काम निघालं असेल, असं मुख्तार धरून चालला होता.

“काय म्हटलं? पुन्हा म्हण.”

“फिरते. मानलं तुले.”

मुख्तार उठलाच. शेजारच्या टेलर तनवीरला त्याने हाक मारली. “तनवीरभाई, मशीन बंद करा! पूनमसिंगनं मानलं!” समोरच्या टपरीवाल्याला सहा चहा सांगितले. रस्त्याने जाणारे दोघे-तिघे ओळखीचे थांबले. पूनमसिंग भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसला होता.

“कशी समजते, काका?” कोणीतरी विचारलं.

“एका बाजूले ओढते.”

“ओढंलच!” मुख्तार म्हणाला. “सूर्याभोवती गोल चालली ना ते. आता सगळ्यायले जोरात सांग. ठरलं होतं आपलं.”

पूनमसिंगने सांगितलं. शब्द जड आले, एकमेकांत मिसळले. लोक हसले.

“आधी तोंडातला खर्रा थुक, मंग बोल,” मुख्तार म्हणाला.

तोंडात खर्रा नव्हता. चहाचा ग्लास पूनमसिंगच्या हातातून सुटला. गरम चहा मांडीवर सांडला, तरी त्याने पाय हलवला नाही. तेव्हा कुठे मुख्तारने वाकून त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता.

तनवीरच्या गाडीत घालून त्यांनी त्याला यवतमाळला नेलं. वाटेतूनच मुख्तारने तांड्यावर फोन केला. दवाखान्यात लगेच डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होती, भरभर बोलत होती. मेंदूची रक्तवाहिनी बंद झाली आहे, म्हणाली. एक इंजेक्शन आहे, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं.

“कधी सुरू झालं?”

“पावणेतीनले आला तो,” मुख्तार म्हणाला. “आल्या आल्या म्हणत होता, जमीन फिरून राह्यली. मी वीस मिनिटं लोकं गोळा करत बसलो, मॅडम. चहा पाजत बसलो.”

डॉक्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजत आले होते.

“वेळ आहे अजून,” ती म्हणाली आणि नर्सला इंजेक्शन तयार करायला सांगितलं.

मुख्तार तिथेच फरशीवर बसला. वीस मिनिटं गेली होती, पण सगळं गेलं नव्हतं.

तेवढ्यात पूनमसिंगची बायको मानीबाई पोचली. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून एवढ्या लांबून आली होती. डॉक्टरने तिला बाजूला घेतलं.

“आई, सकाळी हे बरे होते ना?”

“कायचे बरे, बाई? परवा सांजेपासून जमीन फिरते म्हणत होते. उलट्या झाल्या. काल तर हातातून भाकर पडे.”

डॉक्टरने नर्सकडे पाहून मान हलवली. नर्सने ट्रे परत नेला.

“आता ते देता येणार नाही,” ती म्हणाली. “दिलं तर डोक्यात रक्तस्राव होईल. बराच भाग आधीच गेला आहे. मुलंबाळं बाहेरगावी असतील तर बोलावून घ्या.”

मानीबाईला ते कळायला वेळ लागला. कळल्यावर ती रडली नाही. पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली. मुख्तार उठून तिच्यासमोर गेला.

“भाभी, दोन दिवस झाले. मले काहून नाही सांगितलं? एक फोन तरी करायचा.”

“मी म्हटलं ना, भाऊ. रोज म्हटलं, मुख्तारभाईले सांगा, ते नेतील. तर हासत. म्हणत, त्याले सांगितलं तर तो जिंकते.” तिने दाराच्या काचेतून आत पाहिलं. “आज हासले नाही. दुपारी उठले, भिंत धरून चप्पल घातली. म्हणे, जातो अन् मुख्तारले मानलं म्हणून सांगतो. मी एवढं मानलं म्हणजे काहीतरी बिघडलं, हे दुसऱ्या कोणाले नाही, त्याले समजंल.”