गाडी कोण चालवणार

“एनी ब्लॅकआउट्स? फिट्स? चक्कर वगैरे?” यतीननं लॅपटॉपवरून नजर न काढता विचारलं.

“नो,” हरीश म्हणाले.

चहा गाळता गाळता मधुमतीचा हात थांबला. यतीननं गाडी भाड्यानं घ्यायच्या फॉर्मवर टिक केली आणि तो पुढच्या प्रश्नाकडे वळला.

रविवारची दुपार होती. लीड्समधल्या त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर वेल्सचा नकाशा पसरला होता. उन्हाळ्यात शाळांना सुट्टी लागली की दहा दिवस स्नोडोनियाच्या डोंगरात जायचं ठरलं होतं. हरीश, मधुमती, मुलगा यतीन, सून निवेदिता आणि नऊ वर्षांची नात तनू, सगळे एकाच मोटरहोममधून. आत सहा जणांची झोपायची सोय, स्वयंपाकाचा ओटा, शॉवरसुद्धा. पण एवढी मोठी गाडी साडेतीन टनांच्या वर जात होती, आणि यतीनच्या लायसन्सवर तेवढी जड गाडी चालवायला परवानगी नव्हती.

“माझा लायसन्सवर हा गाडी चालत नाही, बाबा. तुम्हीच पाहिजे,” तो म्हणाला होता. तो लीड्समध्येच जन्मलेला. त्याच्या मराठीत जगातल्या सगळ्या वस्तू पुल्लिंगी होत्या.

हरीशचं लायसन्स जुन्या काळातलं, त्यावर ती गाडी चालत होती. तीही सप्टेंबरपर्यंतच. सप्टेंबरात त्यांना सत्तर पूर्ण होणार होती, आणि त्यानंतर डॉक्टरांच्या तपासणीशिवाय अशी गाडी हातात मिळणार नव्हती. “जायचं तर याच वर्षी,” असा धोशा त्यांनी जानेवारीपासून लावला होता. त्यामागचं खरं कारण मधुमतीला मार्चमध्ये कळलं.

त्या दिवशी दोघं भाजी घेऊन परत येत होते. राउंडअबाउटपाशी हरीश बोलता बोलता गप्प झाले. तिनं वळून पाहिलं. डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, आणि माणूस तिथं नव्हता. “अहो! अहो!” ती ओरडली. गाडी सरळ चौकातल्या गवतावर चढली. तिनं हँडब्रेक ओढला तेव्हा ते भानावर आले आणि म्हणाले, “डुलकी लागली असेल.” मागची लाल व्हॅन हॉर्न वाजवत निघून गेली. घरी पोचल्यावर त्यांनी तिचा हात धरला. “यतीनला सांगू नकोस. हे लोक लायसन्स काढून घेतील, मधू. मग मी काय करू? माझी शपथ आहे तुला.”

चाळीस वर्षांत त्यांच्या लायसन्सवर दंडाचा एकही पॉइंट लागला नव्हता. तिला दया आली होती. तेव्हापासून ती गुडघ्याला व्यायाम हवा असं सांगून भाजीला चालत जाई, नाहीतर बसनं. त्यांना गाडी काढायची वेळच येऊ नये, एवढीच तिची धडपड. डॉक्टरांकडे चला म्हणून ती तीनदा बोलली होती. तिन्ही वेळा ते उठून बागेत गेले होते.

“हा लॅनबेरिसचा घाट,” हरीश आता नकाशावर बोट फिरवत होते. “एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा. रस्ता अरुंद आहे, पण सावकाश नेऊ. तनू, तू मागं खिडकीपाशी बसायचं हं.”

तनू टेबलाच्या टोकाला वहीत काहीतरी रेघोट्या मारत होती. तिनं मान हलवली नाही.

“लास्ट पेज,” यतीन म्हणाला. “सगळा खरं आहे असा डिक्लेअर करायचा. करू सबमिट?”

“कर.”

मधुमतीनं कप खाली ठेवला. ज्या माणसाची शपथ, तोच घाटात गाडी चालवणार होता, आणि मागं खिडकीपाशी ही पोर.

“थांब, यतीन.”

“मधू,” हरीश हळू आवाजात म्हणाले. त्या एका शब्दात धाक होता आणि विनवणीही.

“मार्चमध्ये गाडी चालवताना यांची शुद्ध गेली होती,” ती म्हणाली. “मी शेजारी होते. मी ब्रेक ओढला. शपथ घातली म्हणून गप्प बसले. चुकलं माझं.”

यतीनचं बोट की-बोर्डवरच राहिलं. त्यानं आधी आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. “बाबा?”

“काही नाही रे! डुलकी होती,” हरीशचा आवाज चढला. चेहरा लाल झाला. “रात्री झोप झाली नव्हती. एकदाच झालं. एकदा झालं म्हणून माणूस लगेच निकामी होतो? हिला सवयच आहे राईचा पर्वत करायची!”

यतीननं लॅपटॉप मिटला. मधुमतीला वाटलं, आता हे उठतील आणि बागेत जातील. ते उठलेही.

“आबा,” तनू म्हणाली. तिनं पेन्सिल खाली ठेवली होती. “आजीनं सांगितलं ना. मग आता मी पण सांगू शकते? आपण गाडीनं स्विमिंगला गेलो होतो, त्या दिवसाचं?”

नऊ वर्षांची पोर किती आठवडे हे उरात घेऊन फिरत होती, कुणास ठाऊक.

हरीश दारापर्यंत गेले होते. तिथंच उभे राहिले. मग परत आले, नातीसमोरची खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

“सांग, बाळा,” ते म्हणाले. “मी किती वेळ नव्हतो, ते मलाही माहीत नाही.”