गोणपाटातली केळ

गोणपाटावरची शेवटची गाठ सुटेना. लेकीने ती दातात धरली, तेव्हा आई पायरीवरून म्हणाली, "राहू दे गं. कुजलेलीच निघणार."

लेकीचा जीव चरकला. आईला कळलंय की काय?

केळ बाबांची. शोभेची, थंडीला न डरणारी जात. माणसाएवढ्या पानांसाठी लावलेली. "वीस वर्षं पोसली, पण एक केळं दिलं नाही सटवीनं," आई म्हणायची. "अगं, पानं बघ की!" बाबा म्हणायचे. "पानं काय चाटू?" हे आईचं ठरलेलं उत्तर. दर हिवाळ्यात बाबा पानं छाटून बुंध्याभोवती पेंढा भरत, वर गोणपाट गुंडाळत. लेक राहायची लांब, दुसऱ्या गावी. सुट्टीला यायची ती उन्हाळ्यात. बांधताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

गेल्या वर्षी केळ बांधायच्या दिवसांत बाबा इस्पितळात होते, म्हणून लेक आली होती. श्वास पुरत नव्हता, तरी त्यांनी विचारलं, "केळ बांधली का?"

"हो बाबा, कालच," ती म्हणाली. बांधली नव्हती. त्यांनी निर्धास्त असावं, एवढ्यासाठीच बोलली. बाबांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

त्याच रात्री अंगणात दव गोठलं. सकाळी पानं काळीठिक्कर होऊन लोंबत होती. आई इस्पितळातच मुक्कामाला. लेकीने पानं छाटली, चोरीचा माल लपवावा तशी परसात पुरली, आणि मेलेल्या बुंध्याला पेंढा बांधून टाकला. चौथ्या दिवशी बाबा गेले.

ती आईजवळच राहिली. सगळा हिवाळा ते गाठोडं स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभं होतं. बाबांच्याच उंचीचं. ती खिडकीकडे पाठ करून चहा प्यायची. तरी कुणीतरी टक लावून बघतंय, असं वाटायचंच.

गाठ तुटली. पेंढा घसरला. छाटलेल्या बुंध्यातून कोवळ्या पानाची सुरळी वर आली होती. बोटभर, हिरवीगार.

लेक आईकडे वळली. "आई, मी बाबांशी खोटं बोलले. तेव्हा बांधलीच नव्हती गं. दुसऱ्या दिवशी बांधली, सगळी पानं जळून गेल्यावर."

आईने पायरीवरून उतरून येत त्या सुरळीवरून बोट फिरवलं. "वेडे, तेव्हाच तर बांधायची असते. पानं काळी पडल्याशिवाय हे हात लावायचे नाहीत. आधी बांधली तर आतल्या आत कुजते."

"मग बाबा मला काहीच कसे बोलले नाहीत?"

आईने तिच्या केसांत अडकलेली पेंढ्याची काडी काढली.

"शेवटचे चार दिवस तेवढंच बोलत होते. 'पोरीनं घाई केली, गेली माझी केळ. पण तिला कळू देऊ नकोस.'"