कापराच्या झाडाखाली

अमानीच्या डोंगरावरचं जुनं शेती संशोधन केंद्र बघायला गावची मंडळी दिवसाच्या सहलीला निघाली, तेव्हा विधवा म्वानाईदीही निघाली. शेजारचा शेकिफू वर्षभर लग्नासाठी तिच्या मागे लागला होता, आणि आज उत्तर देईन असं तिने कबूल केलं होतं.

जेवायला दोघं इथे जर्मनांचं राज्य असताना लावलेल्या एका कापराच्या झाडाखाली बसली. पहिला घास घेतला, तोच घोरणं ऐकू आलं. आधी खर्ज, मग शिट्टी, मग जीव टांगणीला लावणारी शांतता, आणि पुन्हा खर्ज.

म्वानाईदीच्या हातातला उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचा तुकडा गळून पडला. असं घोरणारा जगात एकच होता, तिचा नवरा अथुमानी. आणि त्याला तर कधीच मूठमाती दिली होती.

"वारा असेल," शेकिफू म्हणाला, पण टोपी सावरत मागे सरकला.

"पान तरी हलतंय का?"

एकही पान हलत नव्हतं. आवाज खोडातून येत होता.

"आपण बसमध्ये बसून बोलू या का?"

"थांबा हो! जन्मभर ह्यांनी झोपू दिलं नाही, आता जेवूही देणार नाहीत?" म्वानाईदीला भीतीपेक्षा संतापच जास्त आला. अंथरुणात खुपसायची तस्संच तिने खोडाला कोपर खुपसलं. "अहो! कुशीवर वळा!"

घोरणं थांबलं. शेकिफूने सुटकेचा निःश्वास सोडला.

मग पायाखालची माती कुरकुरली, आणि ते अजस्र झाड फांद्यांसकट सावकाश कुशीवर वळलं.